सत्तर अक्षरांचा संवाद : हातात मावणारे संगणक, लेखी गप्पा आणि कोकणकिनारा

आज सर्रास ज्याला चॅट म्हटले जाते त्या लेखी गप्पा, म्हणजे दोन किंवा अधिक माणसांनी आपापल्या यंत्रासमोर बसून एकाच वेळी ओळीला ओळ जोडत केलेले बोलणे, मूळच्या टेबलावरच्या संगणकासाठी जन्माला आल्या आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हळूहळू तळहातावर उतरल्या. त्या उतरताना इंग्रजी भाषकांच्या पदरात काय पडले याची नोंद पुष्कळ झाली आहे; मराठी भाषकांना त्यासाठी काय सोडावे लागले, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या बाजूने हा विचार होणे अगत्याचे आहे. या जिल्ह्यातली अनेक घरे पिढ्यानपिढ्या दोन ठिकाणी नांदत आली, एक चूल गावात आणि दुसरी मुंबईत. चाकरमान्याचे पत्र आणि मनीऑर्डर यांवर गावचा महिना चालत असे, आणि गणपतीला वा शिमग्याला माणूस कोणत्या दिवशी पोहोचणार हा साधा निरोपसुद्धा तिसऱ्याच्या हातून जात असे. त्याच जिल्ह्यातले दुसरे हजारो लोक होडीवर असतात आणि किनाऱ्यापासून दूर गेले की घरच्यांच्या आवाक्याबाहेर जातात. स्वस्त, छोटा आणि लगेच उत्तर आणणारा लेखी निरोप ही चैनीची वस्तू असू शकते असे ज्यांना वाटते त्यांनी ही दोन चित्रे एकदा शेजारी ठेवून पाहावीत.

इंटरनेटवर लेखी गप्पांची सार्वत्रिक सोय केली ती फिनलंडमधील ओउलू विद्यापीठातल्या यार्को ओइकारिनेन यांनी, ऑगस्ट १९८८ मध्ये. इंटरनेट रिले चॅट, म्हणजेच आयआरसी, या नावाने ओळखल्या गेलेल्या त्यांच्या व्यवस्थेत एक मध्यवर्ती संगणक सर्वांच्या ओळी स्वीकारतो आणि त्या त्या दालनात बसलेल्या सगळ्यांकडे पोहोचवतो. मे १९९३ मध्ये तिचे नियम लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाले, तेव्हा एका संदेशाची कमाल लांबी ५१२ बाइट ठरवली गेली. बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीतले एक घर, ज्यात इंग्रजीचे एक अक्षर नेमके मावते. त्यामुळे इंग्रजी लिहिणाऱ्याला पाचशे अक्षरांची ऐसपैस ओळ मिळाली. या मोजमापाचा मराठीशी काय संबंध येतो ते पुढे दिसेल. तूर्त एवढेच लक्षात घ्यावे की इतका कमी मजकूर वाहून नेणारी व्यवस्था दुबळ्या यंत्रांनाही पेलणारी होती, आणि हातात मावणारे पहिले संगणक दुबळेच होते.

ह्युलेट-पॅकार्डचा १९९४ सालचा २००एलएक्स हा डॉस प्रणालीवर, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, चष्म्याच्या घरापेक्षा थोडा मोठा संगणक होता. त्याच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे मावत आणि मोडेम जोडला की तो दूरच्या मोठ्या संगणकाचा नुसता पडदा-कळफलक म्हणून काम करी. मार्च १९९६ मध्ये आलेल्या पामच्या पहिल्या पायलट यंत्राला केवळ १२८ किलोबाइट स्मृती आणि १६० बाय १६० ठिपक्यांचा पडदा होता. इंटरनेटशी बोलण्याची भाषा त्याला १९९७ च्या पामपायलट प्रोफेशनलपासून अवगत झाली, आणि त्यानंतर हौशी कार्यक्रमकारांनी त्यावर आयआरसी चालवून दाखवले. परंतु पामच्या प्रणालीत एका वेळी एकच कार्यक्रम चालत असे. गप्पा मारता मारता पत्ता पाहण्यासाठी दुसरे पान उघडले की गप्पांचा कार्यक्रम बंद पडे. शिवाय यंत्राला स्वतःची मोबाइल जोडणी नसल्यामुळे बाहेरून मोडेम लावावा लागे किंवा अवरक्त किरणांच्या खिडकीतून मोबाइलशी सूत जुळवावे लागे, आणि त्या मोबाइलवरची जोडणी सेकंदाला ९.६ किलोबिट या वेगाने, मिनिटामिनिटाचे भाडे घेत चाले. सायन (Psion) कंपनीच्या हातात मावणाऱ्या संगणकांना एकाच वेळी अनेक कामे करता येत, खरा कळफलक होता. मायक्रोसॉफ्टच्या पॉकेट पीसी २००२ मध्ये तर एमएसएन मेसेंजर मुळातच बसवून दिलेला होता. ही सगळी यंत्रे मुख्यत्वे अमेरिका, युरोप आणि जपानमधील कचेऱ्यांत फिरणाऱ्या माणसासाठी घडवलेली होती.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. विद्यार्थ्यांना वर्षाला ५०० रुपयांत ५०० तास मिळत, पण ते केवळ मजकुराचे खाते होते, चित्रे त्यात दिसत नसत. आयआरसीसाठी हे खाते पुरेसे होते, किंबहुना त्यासाठीच केल्यासारखे होते. अडचण अंतराची होती. जोडणीची केंद्रे मोठ्या शहरांत असल्यामुळे इतर गावांतून एसटीडीचा दर भरून मोडेम लावावा लागे, आणि ज्या घरांत मुंबईच्या मुलाशी तीन मिनिटे बोलतानाही नजर बूथवरच्या लाल आकड्यांवर असे तिथे तासभर लेखी गप्पा हा विचारच संभवत नव्हता. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण लांबीने सुरू झाली आणि मुंबई प्रत्यक्षात जवळ आली. संगणकाच्या मार्गाने ती जवळ येण्यास आणखी काही वर्षे लागली, आणि ती आली तेव्हा पामटॉपच्या रूपाने आली नाही. इथल्या बहुसंख्य माणसांच्या हातात पडलेला पहिला संगणक म्हणजे साधा मोबाइल होय. त्याला संगणक म्हणण्यात अतिशयोक्ती नाही; त्यात प्रक्रियक होता, स्मृती होती, कार्यक्रम होते, आणि लेखी निरोप पाठवण्याची सोय होती.

त्या सोयीचे, म्हणजे एसएमएसचे, अंतरंग समजून घेतल्याखेरीज मराठीचे काय झाले ते उलगडत नाही. १९८० च्या दशकात युरोपात जीएसएम पद्धतीची आखणी होत असताना जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी युक्ती सुचवली की फोन व मनोरा यांच्यात घंटी वाजवणे, जागा कळवणे अशा व्यवस्थापनासाठी जी नियंत्रण वाहिनी सतत चालू असते तिच्यातल्या रिकाम्या वेळात छोटे मजकूर पाठवावेत. या वाहिनीत एका संदेशाला १४० बाइट जागा मिळत होती. इंग्रजीचे अक्षर आठऐवजी सात बिटांत बसवले की त्याच जागेत १६० अक्षरे मावतात, आणि म्हणून १६० हा आकडा जगभर रूढ झाला. देवनागरीसाठी मात्र फोनला युनिकोडची सोळा बिटांची पद्धत वापरावी लागे, आणि १४० बाइटांना दोनने भागले की उरतात ७०.

हे सत्तरही पूर्ण अक्षरे नव्हेत. ‘रत्नागिरी’ हे नाव रोमन लिपीत नऊ अक्षरांचे आहे आणि देवनागरीतही संगणकाच्या हिशेबात नऊच घटकांचे आहे, कारण र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र आणि दीर्घ वेलांटी असे प्रत्येक चिन्ह वेगळे मोजले जाते. रोमनमधील ते नाव एसएमएसमध्ये आठ बाइटांच्या आत बसते. देवनागरीतील तेच नाव अठरा बाइट घेते. आणि पुढे इंटरनेटवर सार्वत्रिक झालेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत, जिथे देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, ते सत्तावीस बाइटांवर जाते. आयआरसीच्या पाचशे अक्षरांच्या ऐसपैस ओळीत मराठी माणसाला त्यामुळे जेमतेम १७० घटक मिळतात. एका निरोपाला एक रुपया पडत असताना मराठी लिपीत लिहिणाऱ्याला तोच मजकूर दोन किंवा तीन निरोपांच्या भाड्यात पाठवावा लागला, ही गोष्ट भाषेच्या अर्थकारणात नोंदवली जायला हवी.

आणि हे भाडे परवडणाऱ्यालाही अक्षर उमटेलच याची शाश्वती नव्हती. देवनागरी पडद्यावर आणणे म्हणजे साठवलेली चिन्हे एकामागून एक मांडणे नव्हे. ऱ्हस्व वेलांटी साठवणीत व्यंजनानंतर असते पण दिसते व्यंजनाच्या आधी, त आणि न यांचा जोड व्हावा लागतो, रफार डोक्यावर चढवावा लागतो. हे काम करणारा आकारक, म्हणजे चिन्हांच्या क्रमावरून दृश्य अक्षरे घडवणारा कार्यक्रम, लहान यंत्रांत नसे. पामची प्रणाली तर आठ बिटांच्या पाश्चात्य अक्षरसंचावर उभी होती. तिच्या ग्राफिटी नावाच्या हस्तलेखन पद्धतीत पेनाने एका फटकाऱ्यात काढायच्या खुणा होत्या त्या रोमन अक्षरांच्याच. मराठीची काही रूपे त्याहून नाजूक आहेत. समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ आणि डोंगरांमधल्या ‘दऱ्या’ या दोन शब्दांत र्य आणि ऱ्य एवढाच फरक आहे. हिंदीला तो लागत नाही, आणि ज्या यंत्रांत देवनागरी केवळ हिंदीपुरती बसवली होती त्यांत ऱ्य उमटवण्याची खात्री नव्हती. कोकणाला दोन्ही शब्द रोज लागतात.

यातली दुःखद बाब अशी की उपाय महाराष्ट्रातच उपलब्ध होता. पुण्यातील सी-डॅक या संस्थेच्या जिस्ट गटाने ज्या आयएससीआयआय संकेतावर काम केले, आणि ज्याला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला, त्यात भारतीय लिपीच्या प्रत्येक घटकाला एकच बाइट पुरतो. त्या हिशेबाने ‘रत्नागिरी’ नऊ बाइटांत बसते. काटकसरीचे हे शहाणपण फोन बनवणाऱ्यांच्या जागतिक मानकात वेळेवर पोहोचले नाही. देवनागरीसह भारतीय लिप्यांना सात बिटांत बसवून एका निरोपात दीडशेच्या आसपास घटक देणारे तक्ते त्या मानकात आले ते २००९-१० च्या सुमारास, म्हणजे स्मार्टफोन दारात उभा असताना, आणि त्या तक्त्यांच्या दहा भाषांच्या यादीत हिंदी आहे, मराठी स्वतंत्रपणे नाही.

अशा परिस्थितीत लोकांनी जे केले ते सर्वांना ठाऊक आहे : मराठी रोमन लिपीत लिहिली. ही सवय आळसाची किंवा इंग्रजीच्या मोहाची आहे असे व्यासपीठांवरून अनेकदा सांगितले जाते, आणि ते अन्यायाचे आहे. अंकांच्या कळांवर एस हे अक्षर आणायला ७ ची कळ चार वेळा दाबावी लागे, शब्द ओळखून देणाऱ्या कोशात मराठी शब्द नसत, ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त यांतला भेद पुसला जाई. तरीही लिहिणाऱ्याने हे कष्ट घेतले ते भाषा मराठीच ठेवण्यासाठी. त्याला इंग्रजीत लिहिणे सोपे वाटले असते तर त्याने इंग्रजीत लिहिले असते. नोकियाने २००० साली ३२१० या फोनवर हिंदी यादी दिली आणि २००३ मध्ये ११०० हा भारतासाठी घडवलेला फोन आणला, तरी साध्या फोनवर मराठीची सोय तुरळकच राहिली. स्वस्त निरोपांच्या सवलतीही ऐन सणात बंद होत. दिवाळी आणि नववर्षाच्या दिवशी कंपन्या सवलत स्थगित करून पूर्ण दर आकारीत आणि त्या दिवसांना ब्लॅकआउट डे असे नाव होते. ज्या दिवशी गावाने मुंबईशी बोलायचे त्याच दिवशी बोलणे महाग, हा व्यवहार सणाला शोभणारा नव्हता.

भारतीय भाषांसाठी हातात मावणारा संगणक मुद्दाम घडवण्याचा एक मोठा प्रयत्न याच काळात बंगळुरूत झाला. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी उभ्या केलेल्या सिंप्युटर न्यासाने २००१ मध्ये आपला नमुना दाखवला. २०६ मेगाहर्ट्झचा प्रक्रियक, लिनक्स प्रणाली, ३२० बाय २४० ठिपक्यांचा पडदा, एकच यंत्र अनेकांनी वापरावे म्हणून स्मार्टकार्डची खाच, आणि भारतीय भाषांतला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा कार्यक्रम अशी त्याची रचना होती. मार्च २००४ मध्ये तो अमिडा सिंप्युटर या नावाने सुमारे दहा हजार रुपयांपासून पुढच्या किमतीत बाजारात आला. त्यावर कोणत्याही लिपीत पेनाने लिहून ते हस्ताक्षर पत्र म्हणून पाठवता येत असे, आणि लिपीची अडचण ओलांडण्याचा हा मार्ग मानवी दृष्टीने सुंदर होता. मात्र त्याचे गणित जमत नव्हते, कारण तेवढ्या पडद्याचे काळे-पांढरे चित्रसुद्धा न दाबता ९,६०० बाइटांचे होते, म्हणजे एसएमएसच्या जवळपास सत्तर निरोपांइतके. सिंप्युटरची विक्री काही हजारांच्या घरातच थांबली. त्याला अपयश म्हणताना हेही म्हटले पाहिजे की भारतीय वापरणाऱ्याला समोर ठेवून यंत्राची आखणी सुरू करण्याचे धैर्य त्यात होते, आणि असे धैर्य त्यानंतर फार वेळा दिसलेले नाही.

लहान यंत्रावरच्या लेखी संवादाचे महाराष्ट्रातले सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र रत्नागिरीहून आंबा घाट चढून गेल्यावर, वारणा खोऱ्यात सापडते. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी, १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांच्या पैशातून गावोगाव संगणक बसवले गेले. त्यांवरून शेतकऱ्याला इंटरनेटद्वारे जगाचे ज्ञान मिळावे अशी कल्पना होती. काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा असे दिसले की संगणक प्रामुख्याने उसाच्याच हिशेबासाठी वापरले जात होते : किती टन ऊस गेला, तोडणीची पाळी कधी, खत किती उचलले, बिल किती जमा झाले. एवढ्या चार-पाच प्रश्नांसाठी गावात संगणक, त्याची दुरुस्ती, बॅटरी आणि टेलिफोनची तार सांभाळली जात होती, आणि वीज गेली की सारे ठप्प होत असे.

मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधन केंद्रातील राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने याची उलटी मांडणी करून पाहिली. कारखान्यात एका संगणकाला मोबाइल जोडला. गावातून साध्या फोनवरून सभासदाचा क्रमांक आणि प्रश्नाची खूण एवढाच एसएमएस पाठवायचा. कारखान्यातला संगणक तो वाचून आपल्या नोंदवहीतून उत्तर शोधतो आणि तसाच एसएमएस परत धाडतो. सात गावांत आठ महिने चाललेल्या या चाचणीत संगणकांवर होणारी सगळी कामे फोनवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांची पसंती फोनला मिळाली. आयआरसीच्या दालनांत फार पूर्वीपासून बॉट, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला आपोआप ओळ टाकून उत्तर देणारे कार्यक्रम, बसलेले असत. वारणेचा तो संगणक म्हणजे ऊस उत्पादकांशी बोलणारा बॉटच होता. त्याचे यश फोन स्वस्त असल्यामुळे जितके आहे तितकेच ते प्रश्न नेमका असल्यामुळे आहे. आपला ऊस काट्यावर किती भरला, हा प्रश्न वजनपावतीवर विसंबणाऱ्या माणसासाठी विश्वासाचा असतो, आणि कोणाच्याही कचेरीत न जाता त्याचे उत्तर मिळणे हे नुसत्या सोयीपेक्षा पुष्कळ अधिक आहे.

लिपीचा प्रश्न सुटत गेला तो अँड्रॉइड फोनांबरोबर. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक आरेखन केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ हा कळफलक मराठीसह दिला. व्यंजनाला बोट लावले की त्याची बाराखडी चक्रासारखी भोवती उमलते, आणि शाळेत शिकलेला वर्णक्रम हाच टंकनाचा क्रम होतो. २०१६ मध्ये भारतीय मानक ब्युरोने देशात विकल्या जाणाऱ्या फोनांना सर्व अधिसूचित भारतीय भाषा वाचता आल्याच पाहिजेत असे मानक ठरवले. सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप जिओफोनवर आले, तेव्हा कळा असलेल्या स्वस्त फोनलाही गप्पांचे दालन उघडले. पंधरा-वीस वर्षे रोमन मराठी लिहिलेल्या बोटांना वळण बदलायला अर्थातच वेळ लागतो आहे.

समुद्रावर ही कथा अजून अपुरी आहे. जीएसएम पद्धतीत मनोरा प्रत्येक फोनला बोलण्यासाठी सेकंदाचा अतिसूक्ष्म भाग नेमून देतो, आणि फोन जितका दूर तितकी त्याची लहर उशिरा पोहोचत असल्यामुळे फोनला थोडे आधी बोलायला सांगतो. ही दुरुस्ती ६३ पायऱ्यांपुरतीच आहे, एक पायरी सुमारे ५५० मीटरची, म्हणून नेहमीच्या मांडणीत संकेत कितीही स्वच्छ असला तरी ३५ किलोमीटरच्या पलीकडे संभाषण होत नाही. सड्यावरचा उंच मनोरा कितीही लांब दिसला तरी ही हद्द ओलांडता येत नाही. मिरकरवाडा, जयगड, हर्णै किंवा साखरी नाटे येथून सुटलेला ट्रॉलर ती हद्द पार करतो आणि मग त्याच्याजवळ उरतो व्हीएचएफ वायरलेस, जो दृष्टिरेषेपुरताच पोहोचतो आणि ज्यावरचे बोलणे ऐकले नाही तर पुन्हा सापडत नाही. लेखी निरोप थांबून राहतो. वल्ह्यावर, दोरावर वा जाळ्यात हात गुंतलेल्या माणसाला तो नंतर वाचता येतो, आणि वादळाच्या इशाऱ्यात वेळ व दिशा यांचे आकडे कानांपेक्षा डोळ्यांनी घेतलेले बरे.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रहीय नोंदींवरून मासळीच्या संभाव्य जागा कळवते. हे सल्ले एसएमएसने येतात, पण वाचायचे ते मनोऱ्याच्या हद्दीत. नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मधील ओखी चक्रीवादळात खोल समुद्रात असलेल्या अनेक होड्यांपर्यंत इशारा पोहोचला नाही, आणि केरळ-तामिळनाडूच्या कित्येक होड्यांनी देवगड बंदरात आसरा घेतला. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये जेमिनी हे यंत्र आले. ते गगन उपग्रहाकडून निरोप घेते आणि ब्लूटूथने मोबाइलवर दाखवते; त्याला ऐकू येते, मात्र बोलता येत नाही. इशारा मिळाला, आम्ही वळलो, एवढे दोन शब्दही होडीवरून परत जाऊ शकत नाहीत, आणि ज्या संवादात उत्तराला वाट नाही त्यात घरी बसलेल्यांची काळजी तशीच राहते.

इस्रोने विकसित केलेल्या ट्रान्सपाँडरमध्ये ती वाट आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते ज्या योजनेचा आरंभ झाला तिच्यात किनारी राज्यांच्या यांत्रिक व मोटार बसवलेल्या एक लाख होड्यांवर, ३६० कोटी रुपये खर्चून, अशी दुहेरी संपर्काची यंत्रे बसवायची आहेत. होडीवरचा मोबाइल ब्लूटूथने यंत्राला जोडायचा, त्यावर निरोप लिहायचा, आणि यंत्राने तो उपग्रहामार्फत किनाऱ्याकडे पाठवायचा अशी तिची रीत आहे. उपग्रहाच्या या मार्गावर निरोप पुन्हा आखूडच असणार, आणि एकेका बाइटाचा हिशेब पुन्हा करावा लागणार. म्हणून रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाने, मच्छीमार सोसायट्यांनी आणि सी-डॅकसारख्या संस्थेने एकत्र बसून नेहमीच्या निरोपांची मराठी यादी आताच ठरवली पाहिजे : इंजिन बंद, माणूस जखमी, डिझेल संपत आले, अमुक बंदराकडे वळलो, सर्व ठीक. यादीतल्या प्रत्येक निरोपाला एका बाइटाचा क्रमांक दिला तर २५६ निरोप बसतात, आणि पडद्यावर ते पूर्ण देवनागरीत, ऱ्य सकट, उमटवता येतात.